आधी विचार, मग पूस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचे फोटो पोहोचले. देवगडच्या घरातली आजोबांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली आली हे वाचून आनंद झाला, पण पत्राचा उत्तरार्ध वाचताना काळजी वाटू लागली. गंज काढायला कोणते ॲसिड वापरू, पटाश्यांना, म्हणजे लाकूड कोरायच्या त्या छिन्न्यांना, धार कशी लावू आणि ही हत्यारे किती जुनी आहेत हे कुठे कळेल, असे तीन प्रश्न तू याच क्रमाने विचारले आहेस. आजोबांच्या हाताखाली काम शिकलेले आबा अजून वाडीत आहेत, हे मात्र तू पत्राच्या अगदी शेवटी, सगळ्यांची खुशाली कळवण्याच्या ओघात, एका ओळीत उरकलेस. माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

हत्यारे जपली पाहिजेत याबद्दल आपले दुमत नाही, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. मतभेद आहे तो क्रमाचा. आधी माणसाला विचारायचे, कळले ते त्याच दिवशी लिहून काढायचे, मग हत्यारावरचे छाप आणि खुणा वाचायच्या, आणि हे सगळे झाल्यावर कापड हातात घ्यायचे. आधी विचार, मग पूस. हे तुला हट्टाचे वाटेल. हा हट्टच आहे आणि तो मी सोडणार नाही.

चौथ्या फोटोतले हत्यार पुन्हा नीट बघ. 'धार पार गेलेली पटाशी' असे तू त्याखाली लिहिले आहेस आणि ग्राइंडरवर धरली तर ती कामाला येईल का, असे विचारले आहेस. ती पटाशी नाही. तिचे टोक जाड आणि बोथट आहे, त्या टोकावर लांबीने एक उथळ खोबण आहे, आणि डोक्याचे लोखंड हातोडीच्या माराने चहूबाजूंनी दुमडले आहे. लाकडी मचव्याच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचे ते हत्यार आहे. तेलात आणि राळेत भिजवलेली कापसाची वात फटीत ठोकून बसवताना टोकाला धार असेल तर वात तुटते, म्हणून ते मुद्दाम बोथट घडवलेले असते. तुझे आजोबा घरांची दारे-खिडक्या करत असत, एवढेच तुला आजवर ठाऊक होते. ते बोटींवरही काम करत असत, हे या लोखंडाच्या तुकड्याने तुला सांगितले, आणि त्याच तुकड्याला तू धार लावायला निघाली होतीस. कोणत्या खाडीच्या काठी, कोणाचे मचवे, देवगडच्या बंदरात की वर विजयदुर्गाच्या बाजूला, हे त्याच्यावर कोठेही कोरलेले नाही. ते सांगू शकतील ते आबाच. तेलाचा हात देऊन कापडात गुंडाळलेले लोखंड आणखी पाच वर्षे थांबेल. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून तशी हमी कोणी मागू नये.

मी हे इतक्या कळकळीने का सांगतो, तेही ऐक. जुनी हत्यारे जमवण्याच्या या कामाकडे मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर वळलो, तोपर्यंत आमच्या बाजूचे बहुतेक जुने सुतार आणि लोहार गेलेले होते. माझ्या खोलीत गावच्याच लोहाराने घडवलेली एक तासणी आहे. तिच्या मानेवर तीन ठिपके आणि एक तिरपी रेघ अशी खूण ठोकलेली आहे. त्या लोहाराचा भाता माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलेला होता, मुलगा मुंबईला नोकरीला लागला होता, आणि घरात त्या खुणेविषयी सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते. तासणीचे वजन किती, पात्याचा बाक किती, लोखंडाला पोलादाची धार कोठपर्यंत सांधलेली आहे, हे सगळे मी तुला सांगू शकतो. ती खूण घडवणाऱ्याची की वापरणाऱ्याची, एवढी साधी गोष्ट मात्र मला सांगता येत नाही, आणि तिची खंत अजून जात नाही. तुझ्याकडे उत्तर देणारा माणूस हाकेच्या अंतरावर आहे, आणि तू मला ॲसिडचे नाव विचारतेस!

आता छापांविषयी, कारण तिथेही तू घाई केली आहेस. लोखंडी रंधा स्टॅन्ले कंपनीचा पाच क्रमांकाचा, म्हणजे १४ इंच लांबीचा आहे. ही अमेरिकेतल्या न्यू ब्रिटन गावची कंपनी. लेनर्ड बेली या कारागिराची पेटंटे तिने १८६९ मध्ये मिळवली आणि आज जगभर ओळखीचा असलेला लोखंडी रंधा त्या रचनेतून आला. पाते काढल्यावर आतल्या ओतकामात तुला तीन पेटंट-तारखा दिसल्या, त्यांतली शेवटची १९ एप्रिल १९१०, म्हणून तू रंधा १९१० सालचा ठरवून मोकळी झालीस. पेटंटची तारीख एवढेच सांगते की रंधा त्याआधीचा असू शकत नाही. तो नेमका केव्हाचा, हे ती सांगत नाही, कारण तारीख असलेला साचा पुढेही वर्षानुवर्षे वापरला जातो. शिवाय पात्यावर 'मेड इन इंग्लंड' आहे, आणि स्टॅन्लेचे रंधे इंग्लंडमध्ये शेफील्डला बनू लागले ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे रंध्याचे अंग एका काळातले आणि पाते दुसऱ्या काळातले. पहिले पाते घासून घासून संपले असणार आणि कोणीतरी नवे विकत घेतले असणार. ते पाते कोणी मुंबईला गोदीत कामाला असताना नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारातून घेतले, की कोणा चाकरमान्याच्या ट्रंकेतून बोटीने देवगडला आले? कारखान्याच्या यादीत याचे उत्तर सापडणार नाही. विचार.

पटाश्यांवर शेफील्डचे नाव आहे आणि त्याखाली 'कास्ट स्टील' आहे. ते ओतीव बिडाचे हत्यार समजू नकोस. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची जी रीत बसवली, त्या रीतीच्या पोलादाचा तो छाप आहे आणि तो फार मोठ्या काळात वापरला गेला, म्हणून एकट्या त्यावरून साल ठरत नाही. गावाच्या नावापुढे 'इंग्लंड' असेल तर हत्यार बहुधा ब्रिटनच्या १८८७ च्या आणि हिंदुस्थानातल्या १८८९ च्या व्यापारचिन्हांच्या कायद्यांनंतरचे असते. तो शब्द नसेल तर हत्यार त्याआधीचे, असा उलटा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पुस्तकी ज्ञान एवढ्यापर्यंत नेते. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा १८८० चा गॅझेटिअर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड, तू जरूर वाच. बंदरे, धंदे, मापे यांची पार्श्वभूमी त्यात मिळेल. तुझ्या घरातला सुतार त्यात नाही.

दोन पटाश्यांच्या मुठी कारखान्यातल्या बीच लाकडाच्या नाहीत, खैराच्या दिसतात. जुन्या वस्तूंचा एखादा व्यापारी त्या काढून टाकायला आणि 'मूळ' मुठी बसवायला सांगेल. त्याचे ऐकू नकोस. शेफील्डची पटाशी अर्ध्या जगात सापडते. तिला देवगडला बसवलेली खैराची मूठ तुझ्याच पेटीत आहे. ती मूठ उजव्या बाजूला जास्त झिजली आहे की डाव्या, हे बघ आणि आजोबा डावरे होते का, हेही विचार.

आकडे नसलेली, नुसत्या खाचा पाडलेली जी लाकडी पट्टी आहे, तिला तू खेळण्यातली वस्तू म्हटले आहेस. ती मापाची काठी आहे. चोवीस तसूंचा एक गज, हे माप आपल्याकडच्या सुतारांच्या हातात फूट आणि इंच आल्यावरही टिकून होते, आणि मेट्रिक मापांचा कायदा तर १९५६ चा. दोन खाचांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिही, काठीवर पेन्सिलीचीही रेघ ओढू नकोस. उंबरठ्याचे माप तेव्हा कशात सांगत, हे आबांना विचार.

विचारायचे म्हणजे प्रश्नावली घेऊन समोर बसायचे, असे करू नकोस. हत्यार त्यांच्या हातात दे आणि गप्प बैस. सामता, म्हणजे लाकडाला भोक पाडायचे हत्यार, त्याचा धनू आणि दोरी त्यांच्यापुढे ठेव. दोरीचा वेढा कसा घ्यायचा हे ते बोलण्याआधी हातांनीच दाखवतील. परवानगी घेऊन फोनवर आवाज मुद्रित कर, पण त्याच रात्री वहीतही लिही. कोणत्या लाकडाला कोणती पटाशी, सागाला आणि फणसाला पाते सारखेच बसवत का, पावसाळ्यात हत्यारे कोठे ठेवत, त्यांना काय लावत, हे सगळे आपल्या हवेत जगलेल्या माणसाकडूनच कळते.

नंतर खुणा. खोलीतला दिवा मालवून टॉर्चचा प्रकाश हत्याराच्या बाजूने, अगदी आडवा पाड, म्हणजे समोरून न दिसणारी ठोकलेली अक्षरे वर येतात. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने त्यांचा ठसा घे. प्रत्येक हत्याराचा सर्व बाजूंनी फोटो काढ आणि शेजारी पट्टी ठेव. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांध, चिकटवू नकोस. लाकडी रंध्याच्या तोंडाशी जो तांबडा थर आहे तो खरवडण्याआधी भिंगातून बघ. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि वर्षानुवर्षे वाहिलेले हळद-कुंकू तेलात मुरून तिथेच बसते. त्याला घाण समजून काढणारे लोक मी पाहिले आहेत.

एवढे झाल्यावर गंज. ॲसिड नको. हायड्रोक्लोरिक ॲसिडमधले क्लोराइड लोखंडाच्या छिद्रांत राहते आणि गंज पुन्हा धरतो, आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात ती भर घालण्याची काहीच गरज नाही. ग्राइंडर तर मुळीच नको; पोलाद तापून ३०० अंशांच्या आसपास निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते, आणि तारेच्या चाकाखाली मालकाची ठोकलेली अक्षरे झिजून जातात. शिलाई मशीनचे पातळ तेल लाव, थोडा वेळ मुरू दे, आणि पितळेच्या पट्टीने भुसभुशीत तांबडा गंज तेवढा सोडव. पितळ पोलादाहून मऊ असते, म्हणून ओरखडा पडत नाही. खालचा काळसर, घट्ट थर तसाच राहू दे. तो लोखंडाला जपतो. मग कोरड्या सुती कापडाने पुसून मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात दे. घरात असते म्हणून खोबरेल तेल लावू नकोस, ते खवट होते आणि त्यात तयार होणारी आम्ले लोखंडाला बाधतात. मुठींना जवसाचे तेल चालेल, पण शाईने लिहिलेले नाव असेल तर नाही. आणि त्या तेलाचे फडके चुरगळून ठेवू नकोस, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. जांभ्याच्या भिंतीला टेकवून किंवा प्लॅस्टिकमध्ये बांधून हत्यारे ठेवू नकोस. मृगापासून दसऱ्यापर्यंत दर पंधरवड्याला एकदा बघत जा. नुसत्या हाताने धरलेस तर घामाचे मीठ पुसून ठेव.

चकचकीत केलेली हत्यारे दाखवणारे व्हिडिओ तू मला पाठवले आहेस. ती चकाकी मला नको आहे आणि तुलाही नको असावी. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने प्रदर्शनासाठी माझ्याकडचे दोन रंधे आणि काटकोन तपासायचा एक गुण्या मागून नेला. परत आले तेव्हा रंध्यांचे लाकूड पॉलिश पेपरने घासून त्यावर वॉर्निश चढवलेले होते. एका रंध्याच्या पुढच्या तोंडावर पंचाने ठोकलेली मोडी अक्षरे होती, ती गेली. त्यांना वाटले होते की मी आभार मानीन. तेव्हापासून मी कोणालाही हत्यार बाहेर नेऊ देत नाही. काहीजण मला कंजूष म्हणतात, माझी खोली गंजाची खोली आहे असेही म्हणतात. म्हणू देत. त्या खोलीत आलेल्या एका म्हाताऱ्या सुताराने दुसऱ्या एका हत्यारावरचे अक्षर ओळखून आपल्या मामाचे नाव सांगितले होते, आणि ते अक्षर तिथे होते म्हणूनच सांगितले होते. मी चुकीच्या बाजूला आहे असे मला एक क्षणही वाटत नाही.

ही पेटी होमस्टेच्या भिंतीवर टांगावी की संग्रहालयाला द्यावी, हा तुझा शेवटचा प्रश्न आत्ता बाजूला ठेव. नोंद नसलेली पेटी दोन्हीकडे नुसती शोभेची वस्तू ठरते. गणपतीला मुंबईची माणसे घरी आली की आबांकडे वर्दळ सुरू होईल, तेव्हा त्याआधीच जा. पहिल्या दिवशी फक्त ते बोथट हत्यार आणि खाचांची काठी ने, सगळी पेटी नको. माझा निरोप सांग. वहीची पाने भरली की त्यांचे फोटो मला पाठव. धारेसाठी दगड कोणता घ्यायचा आणि कोणत्या पटाशीला धार लावावी, कोणतीला नाही, ते मी ती पाने वाचून कळवीन.

तुझा,
काका