सही आज नको, हप्ता मात्र वेळेवर

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३६, खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन, हातात पगार ३४ हजार, सात वर्षांची मुलगी. डिसेंबर २०१९ मध्ये नवरा-बायको दोघांच्या नावावर ३२ लाखांचा फ्लॅट घेतला. त्यावर २५ लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं. वरच्या सात लाखांतले चार लाख ताईंच्या वडिलांनी दिले. दहा महिन्यांपासून नवरा पुण्यात वेगळा राहतो. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, पण 'मला थोडा वेळ दे' याच्या पुढे बोलणं सरकत नाही. २१,७०० रुपयांचा हप्ता तेव्हापासून ताईंच्याच पगारातून जातो. नवरा कधी आठ हजार पाठवतो, कधी नाही. यंदा गड्ड्याच्या यात्रेला तो आला तेव्हा दुसऱ्या बँकेचे कागद घेऊनच आला. कर्ज तिकडे नेऊ, व्याज कमी पडेल, वर सहा लाखांचं टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मिळेल, फक्त तुझी सही लागते. भिशीतल्या तिघी मैत्रिणी ताईंच्या पाठीशी आहेत. एक तीन लाख बिनव्याजी द्यायला तयार आहे, दुसरी जामीन राहते म्हणते, तिसरी म्हणते घर विकून टाक आणि मोकळी हो. ताई विचारतात, "घटस्फोट घ्यायचा की नाही हेच माझं ठरत नाहीये. मग घराचं काय ठरवू?"

ताई,

घराचं शेवटचं काही आत्ता ठरवूच नका. पण हप्त्याचं आजच ठरवा. या दोन गोष्टी तुमच्या डोक्यात एकात एक गुंतल्या आहेत. त्या सोडवल्या की निम्मा ताण जाईल. तुमच्या नात्याला अजून सहा महिने लागोत की वर्ष, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही. आणि बँकेची तारीख सांभाळली गेली, तर नात्याचा निर्णय घाईने घ्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आधी टॉप-अपच्या कागदाबद्दल. सही करू नका. तुमचे मिस्टर फसवतायत असं मी म्हणत नाही. ते सहा लाख कशाला हवेत हे तुमच्या पत्रात नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही नीट सांगितलेलं नाही. पण कायदा सरळ आहे. दोघांनी मिळून घेतलेलं कर्ज बँक कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकते. करार कायदा १८७२, कलम ४३. 'अर्धं त्याचं, अर्धं माझं' हा हिशेब तुमच्या घरातला झाला, बँकेला तो लागू नाही. म्हणजे सहा लाख पुण्यात खर्च झाले तरी ते फेडायची पूर्ण जबाबदारी तुमच्यावरही येते, आणि तारण तुमचंच राहतं घर. व्याजदर खरोखर कमी मिळत असेल तर आहे त्याच बँकेत दर कमी करून मागता येतो. त्यासाठी कर्ज वाढवावं लागत नाही.

नुसतं 'नाही' म्हणून थांबू नका. बँकेच्या शाखेत एक पत्र द्या: 'या कर्जखात्यावर माझ्या समक्ष सहीशिवाय कोणतंही वाढीव कर्ज, टॉप-अप किंवा कर्ज हस्तांतर मंजूर करू नये.' खाते क्रमांक, फ्लॅटचा तपशील, तारीख घाला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. काउंटरवर 'ठेवा मॅडम, बघतो' म्हणाले तर तिथेच उभ्या राहा, पोच घेतल्याशिवाय निघू नका. आणि कर्जखात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय ते तिथेच विचारा. दोघांच्या व्यवहाराचा ओटीपी एकाच फोनवर जातो अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. तुमचा नंबर, तुमचा ईमेल नोंदवून घ्या आणि कर्जाचा उताराही मागून घ्या.

आता घर नक्की कुणाचं. कर्जाच्या कागदावर नाव असणं वेगळं आणि मिळकतीच्या कागदावर नाव असणं वेगळं. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या खरेदीच्या गोषवाऱ्याची, नक्कल काढा आणि दोघांची नावं कशी लिहिली आहेत, हिस्सा लिहिलाय का, ते स्वतः वाचा. हिस्सा लिहिलेला नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ कामाला येतं: ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर दोघांचा सारखा. म्हणून वडिलांनी दिलेल्या चार लाखांचा चेक किंवा बँक नोंद आजच शोधा. या दहा महिन्यांचे हप्ते तुमच्या पगारखात्यातून गेले याचा उताराही काढून ठेवा. लग्न मोडलं की सगळं निम्मं-निम्मं, असा समज सिनेमा-मालिकांनी पसरवलाय. आपल्याकडे तसा कायदा नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने, हेच पाहिलं जातं.

हप्ता चुकला तर काय, हेही स्पष्ट माहीत असू द्या. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, धरलं जातं. मग सरफेसी कायदा २००२ खाली ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावताही बँक घराचा ताबा घेऊ शकते. नोटिशीला लेखी हरकत घेता येते, ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं, पण तिथवर गोष्ट जाऊ देण्यात शहाणपण नाही. 'आपली सहकारी बँक आहे, संचालक ओळखीचे आहेत' हा सोलापुरी दिलासा इथे चालत नाही; सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. आणि खातं बिघडलं की सिबिल दोघांचं बिघडतं. उद्या एकटीच्या नावावर कर्ज घ्यायचं झालं तर तो डाग आडवा येतो.

तुमच्या ३४ हजारांतून २१,७०० गेल्यावर १२,३०० उरतात. मुलीच्या शाळेसकट हे फार दिवस निभणार नाही. बँकेला मुदत वाढवून मागा. सहा वर्षांनंतर तुमची बाकी साधारण २१ लाख ३० हजारांच्या आसपास असावी, ८.५ टक्के दर धरून. उरलेली १४ वर्षं २० केली तर हप्ता सुमारे १८,५०० वर येतो. महिना तीन हजारांवर सुटतात. याची किंमत मोठी आहे, पूर्ण मुदतीत व्याज जवळपास आठ लाखांनी वाढतं. तरी मी हा मार्ग सुचवतो, कारण तो परत फिरवता येतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेने तो कधीच बंद केलाय. हात मोकळा झाला की पुन्हा मुदत कमी करा. यासाठी बँक दोघांच्या सह्या मागेल. मिस्टरांना पुण्याहून एकदा त्यासाठी बोलवा. टॉप-अपसाठी येता येतं तर यासाठीही यावं.

आता मैत्रिणी. तीन लाख देणारी मैत्रीण सोन्यासारखी आहे, पण तिचे पैसे आत्ता मुद्दलात भरू नका. जरा हिशेब बघा. तुम्ही तीन लाख भरलेत तर कर्ज दोघांचं कमी होईल, आणि मैत्रिणीचं देणं मात्र एकट्या तुमच्या डोक्यावर. पुढे घर विकायची वेळ आली तर वाढलेल्या किमतीत मिस्टरांचाही वाटा. ते तीन लाख आपले होते हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर. आत्ता तिच्याकडून सहा हप्त्यांपुरते, म्हणजे एक लाख तीस हजार घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा आणि अडला महिना असेल तेव्हाच हात लावा. बाकीचे तिच्याचकडे राहू देत. ते कधी लागतील हे पुढे सांगतो.

घेताना बँकेतूनच घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त उसने रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. भिशीच्या सवयीने नोटा मोजून घेऊ नका. उसनवारीची साधी पावती लिहा: रक्कम, तारीख, व्याज नाही, कधीपर्यंत परत. दोघींच्या सह्या, दोन साक्षीदार. लिहिताना अवघडल्यासारखं होतं हे मान्य. पण कागद नसेल तर मित्रमंडळींकडून वर्षात ५० हजारांवर आलेली रक्कम भेट समजून तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. शिवाय परतफेडीची तारीख न ठरवलेल्या उसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत दिल्यापासून तीन वर्षांची, तेव्हा पावती मैत्रिणीच्या हिताचीही आहे.

जामीन राहते म्हणणाऱ्या मैत्रिणीला मनापासून धन्यवाद द्या आणि नको म्हणा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक थेट तिच्याकडे वसुली मागू शकते. तिच्या घरी हे कळलंय का, हाही प्रश्न आहे. त्याऐवजी तिला बँकेत सोबत न्या. समोर दोघी बसल्या की कर्ज विभागातला माणूस जास्त नीट उत्तरं देतो, हा माझा अनुभव आहे. मात्र ग्रुपवर मिस्टरांबद्दल काही लिहू नका. व्हॉट्सअॅपचे संदेश पुरावा म्हणून कोर्टात येतात, तुमचेही येतील.

विकून टाक म्हणणारीचं चुकलं असं नाही, पण ते तुमच्या एकटीच्या हातात नाही. पूर्ण फ्लॅट विकायला दोघांच्या सह्या लागतात. त्यांनाही तुमच्याशिवाय तो विकता येणार नाही, एवढं निश्चिंत राहा.

नात्याकडे आलो तर घाई कायद्यालाही नाही. हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने घटस्फोट मागायला आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुमचे दहा महिने झालेत. अर्जानंतर पुन्हा सहा महिन्यांचा काळ असतो, तो योग्य प्रकरणात माफ करता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय. तेव्हा हे दिवस वाया जातायत असं मानू नका. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, गेलं म्हणजे घटस्फोटच मागितला असं होत नाही.

आणि वेगळं व्हायचं ठरलंच, तर या एका क्रमात चूक करू नका. ते म्हणतील, 'तू हक्कसोड लिहून दे, कर्ज मी भरतो.' आधी बँकेकडून कर्जातून तुमचं नाव कमी झाल्याचं लेखी पत्र, मग मिळकतीवरच्या हक्काचा कागद. उलटं केलंत तर घर त्यांचं आणि कर्ज तुमचं, असं होऊन बसतं. कोर्टातल्या तडजोडीत 'हप्ते पती भरेल' असं लिहिलं तरी बँक त्या प्रकरणात पक्षकार नसते, तिला ते बंधनकारक नाही.

घर तुम्हाला ठेवायचं असेल आणि ते मोबदला न घेता हिस्सा द्यायला तयार असतील, तर घटस्फोटाचा हुकूम होण्याआधी बक्षीसपत्र करून घ्या. नवरा-बायकोमध्ये राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, शहराचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. हुकूम झाल्यावर तुम्ही कायद्याने पती-पत्नी राहत नाही, ही सवलत जाते. घर तारण आहे, म्हणून बँकेची लेखी संमती आधी घ्या. तुम्ही त्यांना हिश्शाचे पैसे देणार असाल तर मात्र ते बक्षीस नाही, त्याचा दस्त वेगळा होतो.

इथे मैत्रिणीचे पैसे लागतील. २१ लाख ३० हजार एकटीच्या नावावर घ्यायचे तर २० वर्षांसाठीही हप्ता तुमच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होतो, बँक नाक मुरडेल. तीन लाख भरून कर्ज १८ लाख ३० हजारांवर आणलं तर हप्ता १५,९०० च्या आसपास बसतो. मग वडील किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून आले नाहीत तरी बोलायला जागा राहते. तेव्हा भरलेला प्रत्येक रुपया तुमच्या स्वतःच्या घरात जाईल. म्हणून सहा हप्त्यांसाठी घेतलेल्यातले वाचतील तितके वाचवा.

पैसे येणं पूर्ण थांबलं तर मुलीच्या आणि तुमच्या पोटगीचा अर्ज करता येतो, घटस्फोट मागितलेला नसतानाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ मध्ये हक्काचे पैसे अडवून ठेवणं हीदेखील आर्थिक हिंसा धरली आहे, आणि राहत्या घरातून काढू नये असा आदेशही मागता येतो. तो आदेश नवऱ्याविरुद्ध चालतो, थकलेल्या कर्जासाठी आलेल्या बँकेला तो अडवेल असं समजू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, दाराचं कुलूप बदलू का. नको. ते सहमालक आहेत, उद्या हीच गोष्ट तुमच्याविरुद्ध मांडली जाईल. कागद मात्र घरात ठेवू नका. सूची दोन, चेकच्या नोंदी, बँकेची पोच, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून एक संच वडिलांकडे द्या.