पहिली ई-स्कूटर घेताय? आधी प्लगचं बघा

रेंजच्या, म्हणजे एका चार्जवर गाडी किती किलोमीटर जाते त्या आकड्यावर भाळू नका. तो चाचणीतला असतो. डबलसीट, चढ आणि थंडी आली की कमीच भरतो. रोजच्या १५ किलोमीटरला छोटी बॅटरी खुशाल पुरते. मी आधी पार्किंगमधला प्लग बघायला सांगेन. तो नसेल तर बॅटरी काढून घरात नेता येणारीच गाडी घ्या, आणि दुकानातच ती बॅटरी एकदा उचलून जिने चढून बघा, १० किलोचं धूड असतं ते! लांबून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. बॅटरीला हात लावून बघा, कोमट असेल तर अर्धा तास निवू द्या. गाडी घरी ठेवून गावाला जाताना लिथियम बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. टायरची हवा मात्र दर आठवड्याला तपासाच. हवा कमी की रेंज घसरलीच.