मुलांना घेऊन कार्ला-देहू-आळंदी

पहिल्यांदाच निघताय ना, मग ऐका. मे महिन्यात दोन दिवसांत पाच देवस्थानं उरकायचा हट्ट सोडा. कार्ला, देहू, आळंदी एवढं पुष्कळ झालं.

मुंबईतून पहाटे पाचला गाडी काढा. मुलं झोपेतच घाट चढतात, त्यामुळे उलट्यांचा प्रश्न निम्मा मिटतो. उरलेल्या निम्म्यासाठी आवळा सुपारी आणि दोन जादा पिशव्या.

ऊन चढायच्या आत कार्ल्याच्या पायऱ्या चढून घ्या. एकवीरा आईचं देऊळ आणि लेण्यातलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, अगदी शेजारी-शेजारी. आमच्या धाकट्याला चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी दाखवल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. तो म्हणाला, "वाळवी नाही लागली?" मोठ्यांनाही हा प्रश्न सुचत नाही!

देवळात चप्पल काढल्यावर फरशी तव्यासारखी तापलेली असते. मागे आमच्या लेकीचे तळवे लालबुंद झाले होते. तेव्हापासून जाड मोजे आधी पिशवीत, मग बाकीचं सामान.

देहूत इंद्रायणीकाठी बसून तुकोबांच्या गाथेची गोष्ट सांगा, पण मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. आळंदीला ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा ते जेमतेम विशीचे होते, हे मोठ्या मुलाला जरूर सांगा. चालवलेल्या भिंतीची गोष्ट धाकट्यांना पुरते. एकादशी आणि रविवार मात्र टाळा. रांगेत मुलं रडकुंडीला येतात, आणि आपणही.