मैदानावरचं विचारा: हरलेल्यांनी उधळलेला गुलाल

प्रश्न : काका, तालमीत पैज लागली आहे. तुर्कस्तानात एका फुटबॉल संघाने लीग हरल्यावर जेतेपद साजरं केलं, असं मित्र म्हणतो. मी म्हणतो, ही थाप आहे. कोण जिंकलं?
*– एक वाचक, शिवाजी पेठ*

मित्र जिंकला. पैज कसली होती ते लिहिलं नाहीस, पण मिसळ असेल तर कट दोनदा घ्यायला सांग त्याला.

हंगाम 2009-10 चा, तारीख 16 मे 2010. शेवटची फेरी सुरू होण्याआधी फेनरबाचेचे 73 गुण होते आणि बुर्सास्पोरचे 72. फेनरबाचे म्हणजे इस्तंबूलचं बडं प्रस्थ. त्यांचा सामना घरच्याच मैदानावर, कादिकॉयला, त्राबझोनस्पोरशी. बुर्साचा सामनाही घरीच, पण समोर बेशिक्ताश, म्हणजे आदल्या हंगामातला विजेता. फेनरबाचे जिंकली की विषय संपत होता.

गुइझाने फेनरबाचेला पुढे नेलं. मग बुराक यिलमाझने बरोबरी केली. हा बुराक काही महिन्यांपूर्वीपर्यंत फेनरबाचेचाच खेळाडू होता, तिथे त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. आपल्याकडे पेठ बदललेला पोरगा जुन्या संघाविरुद्ध कसा पेटून खेळतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. सामना 1-1 वरच सुटला. तिकडे बुर्साने बेशिक्ताशला 2-1 हरवलं. म्हणजे बुर्सा 75, फेनरबाचे 74.

आणि नेमकं त्याच वेळी कादिकॉयच्या भोंग्यावरून जाहीर झालं की बुर्साचा सामना 2-2 असा बरोबरीत सुटला! तसं असतं तर बुर्सा 73 वर अडकली असती आणि कप फेनरबाचेचा. लोक मैदानात घुसले, मिठ्या मारल्या, नाचले. खरा निकाल कळल्यावर त्याच गॅलरीत खुर्च्या पेटवल्या गेल्या.

सगळे त्या माईकवाल्याला शिव्या घालतात. मी स्वतः शाहू स्टेडियमवर बरीच वर्षं माईक धरतोय, म्हणून ठासून सांगतो: निवेदकाची चूक झाली, मोठी झाली, पण त्याने लीग घालवली नाही. दुसऱ्या मैदानाचा स्कोअर कानावर आला म्हणून बोलायचा नसतो. कागदावर लिहून, जबाबदार माणसाच्या हातून आल्याशिवाय आमच्या टेबलावरून तो पुढे जात नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या तापलेल्या असतात, तिथे एक चुकीचं वाक्य किती महागात जातं, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही. पण बरोबरीनंतर तासाभराहून जास्त खेळ शिल्लक असताना फेनरबाचेला दुसरा गोल मारता आला नाही, त्यात भोंग्याचा काय दोष? याच त्राबझोनने 11 दिवस आधी तुर्की कपच्या अंतिम सामन्यात त्यांना 3-1 ने लोळवलं होतं. त्यांचे प्रशिक्षक क्रिस्टोफ डाउम यांना तर हा अनुभव नवा नव्हता. 2006 मध्येही त्यांच्याच हाताखाली फेनरबाचेने शेवटच्या दिवशी देनिझलीत 1-1 अशी बरोबरी करून गलातासरायला कप देऊन टाकला होता. तेव्हा तर कुणी चुकीचा निकाल सांगितला नव्हता.

प्रश्न : बुर्साला काही गुण मैदानात न खेळताच मिळाले, असं वाचलं. मग हे जेतेपद खरं कसं?
*– एक वाचक, राजारामपुरी*

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करू नका. अंकारास्पोर या संघाचे त्याच शहरातल्या अंकारागुजूशी लागेबांधे निघाले, म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला बाहेर काढलं. त्याचे सामने 3-0 असे समोरच्याला दिले. ते सगळ्यांनाच मिळाले, फेनरबाचेलाही.

दियारबाकिरचं प्रकरण मात्र निराळं. मार्च 2010 मध्ये तिथे बुर्साविरुद्धच्या सामन्यात गॅलरीतून वस्तू फेकल्या गेल्या, सामना सुरुवातीलाच थांबवावा लागला आणि निकाल बुर्साच्या बाजूने 3-0 लावला. नियमाप्रमाणे ते बरोबरच. पण त्या रागाचं मूळही पाहा. हंगामाच्या पहिल्या टप्प्यात दियारबाकिरचा संघ बुर्साला गेला, तेव्हा तिथल्या गॅलरीने या कुर्द भागातल्या पाहुण्यांना नको नको ते ऐकवलं होतं. बुर्साचं कौतुक करताना हा भाग गाळायला मला आवडत नाही.

तरी कप खरा की खोटा म्हणाल तर खरा. बुर्सा म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं आणि जुन्या रेशीम बाजाराचं शहर. 2004 मध्ये संघ खालच्या विभागात घसरला होता, 2006 ला परत वर आला. प्रशिक्षक एर्तुरुल सालाम हे बेशिक्ताशचे जुने खेळाडू, पुढे तिथेच प्रशिक्षक. 2007 मध्ये लिव्हरपूलने बेशिक्ताशला 8-0 ने हरवलं तेव्हा बाकावर हेच होते. नंतर ती नोकरी गेली. अशा माणसाने शेवटच्या दिवशी त्याच बेशिक्ताशला हरवून लीग जिंकावी! अर्जेंटिनाचा बाताया, सर्बियाचा एर्गिच, विंगेवर वोल्कान शेन आणि ओझान इपेक. लोक अजून भोंग्याची गोष्ट चघळतात, या संघाची नावं कुणी घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रश्न : इस्तंबूलबाहेरचे संघ किती वेळा जिंकले?
*– एक विद्यार्थिनी, कसबा बावडा*

बुर्साच्या आधी फक्त त्राबझोनस्पोर, तेही 1976 ते 1984 या काळात सहा वेळा. मग 26 वर्षं कप इस्तंबूलच्या तिघांतच, म्हणजे फेनरबाचे, गलातासराय आणि बेशिक्ताशमध्येच फिरला. बुर्सानंतर पुन्हा त्राबझोननेच 2022 मध्ये तो बाहेर नेला.

प्रश्न : पुढे बुर्साचं काय झालं?
*– एक वाचक, फुलेवाडी*

चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड, व्हॅलेन्सिया आणि रेंजर्सच्या गटात सहा सामन्यांत एक गुण. व्हॅलेन्सियात तर 6-1 ने हरले. 2019 मध्ये वरच्या विभागातून बाहेर, नंतर आणखी खाली.

प्रश्न : बुर्साचा गोलकीपर पेनल्टी मारायचा, हे खरं का? आमचा कीपर तेच मागतोय.
*– एका संघाचा व्यवस्थापक, मंगळवार पेठ*

खरं आहे. बल्गेरियाचा दिमितार इवानकोव्ह. कारकिर्दीत त्याचे 40 हून अधिक गोल आहेत, बहुतेक पेनल्टीवरचे. बुर्साला येण्याआधी तो कायसेरीस्पोरकडे होता. 2008 च्या तुर्की कपच्या अंतिम सामन्यात टायब्रेकर 11-10 पर्यंत लांबला, तेव्हा त्याने पेनल्ट्या अडवल्याही आणि मारल्याही.

तुमच्या कीपरला टायब्रेकरमध्ये खुशाल मारू द्या. चालू सामन्यात मात्र, चेंडू अडला तर परत गोलपर्यंत किती वेळात पळतो, ते आधी सरावात घड्याळ लावून बघा.