शिफारस केलेल्या संगणकावरही गेम अडखळतो. परतावा नाकारला तर काय करावं?

प्रश्न : नुकताच आलेला एक गेम मी पहिल्याच दिवशी ऑनलाइन विकत घेतला. विक्रीच्या पानावर 'शिफारस केलेला संगणक' म्हणून सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी असं दिलं होतं आणि त्यावर १०८०पी, 'हाय' सेटिंगला सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) मिळतील असं लिहिलं होतं. माझ्याकडे नेमकं हेच आहे. तरी गेममधल्या शहरात शिरलं की फ्रेमरेट २५ वर येतो, दार उघडलं की चित्र अर्धा सेकंद गोठतं. चौथ्या दिवशी परतावा मागितला, तर '२ तासांपेक्षा जास्त खेळलात' म्हणून नकार आला. खेळाच्या वेळेच्या मीटरवर ३ तास ५० मिनिटं होती, त्यातली ४० मिनिटं तर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यातच गेली. प्रकाशक म्हणतो, पॅच (दुरुस्ती) येतोय. करारात 'आहे तसा' विकल्याचं आणि वाद परदेशी लवादाकडे न्यायचं कलम आहे. आज सोळावा दिवस आहे. माझ्या हातात काही आहे का?

उत्तर : आहे. पण 'गेम अडखळतो' ही तुमची तक्रार नव्हे, ती तशी मांडू नका. 'या संगणकावर असा चालेल असं लिहून माझे पैसे घेतले, त्याच संगणकावर तो तसा चालत नाही' ही तुमची तक्रार आहे. पहिल्या वाक्याला 'तुमचाच संगणक बिघडलाय' हे उत्तर तयार असतं. दुसऱ्याला उत्तर द्यायचं तर कंपनीला स्वतःच्याच लेखी शब्दांपाशी यावं लागतं.

म्हणून आज संध्याकाळी पहिलं काम पुराव्याचं. अशा प्रकरणात पुरावा फार लवकर नासतो. पॅच आला की जुना गेम गेला, आणि विक्रीच्या पानावरचा तक्ता तर कंपनी कधीही बदलू शकते. ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा, म्हणजे त्रयस्थाकडची तारीख मिळते. शिवाय पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट काढा. खरेदीचं बिल, परताव्याची मागणी, तिला आलेला नकार आणि प्रकाशकाचं 'पीसीवरच्या अडचणींची आम्हाला कल्पना आहे, पॅच येतोय' हे निवेदन, सगळं पीडीएफ करून ठेवा. ते निवेदन नीट सांभाळा. त्याच्याकडे दिलासा म्हणून पाहू नका, दोष असल्याची ती कबुली आहे.

आता मोजमाप. नुसता मोबाइलने काढलेला व्हिडिओ पुरत नाही. प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स यांपैकी एक मोफत साधन घ्या, ते प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ फाइलमध्ये उतरवतं. ६० फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तुमचं अर्धा सेकंद गोठणं म्हणजे ५०० मिलिसेकंद, तेवढ्या वेळात ३० फ्रेम दिसायला हव्या होत्या. सरासरी आकडा हे लपवतो. सरासरी ४८ दाखवणारा गेमही खेळवत नाही, म्हणून सरासरीसोबत '१ टक्का लो' (सर्वांत संथ १ टक्का फ्रेमवरून काढलेला फ्रेमरेट) हा आकडा आणि सर्वांत लांबलेल्या फ्रेमचा वेळ लिहा.

चाचणी कोणालाही पुन्हा करता येईल अशी हवी. एकच सेव्ह फाइल, शहरातला एकच रस्ता, ९० सेकंद, तीन वेळा. सेटिंग तक्त्यात लिहिलेलंच ठेवा, त्याहून एक पायरीही वर नको. तक्त्याखाली बारीक अक्षरात 'अपस्केलिंगसह' (कमी बारकाव्याचं चित्र मोठं करून) किंवा 'फ्रेम जनरेशनसह' (मधल्या फ्रेम कृत्रिमपणे तयार करून) असं लिहिलंय का तेही पाहा. लिहिलं असेल तर ते चालू ठेवूनच मोजा, कारण वचन तेवढंच होतं. संगणक एकदा बंद-चालू करून त्याच रस्त्याची दुसरी फेरी मोजा. पहिल्या फेरीतले झटके शेडर त्या क्षणी तयार होत असल्याने येऊ शकतात आणि 'थोडं खेळल्यावर जातं' असा बचाव हमखास येतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही त्याच दारापाशी तोच झटका आला, तर हा बचाव टिकणं अवघड.

समोरचा वकील काय विचारेल ते आधीच तपासून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. रॅमचा वेग आणि किती खाचा भरल्यात ते तिथे दिसतं. ३२०० ची रॅम २१३३ वर चालत असेल किंवा १६ जीबीची एकच पट्टी असेल, तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर खटला तिथेच पंक्चर होतो. ग्राफिक्स ड्रायव्हर ताजा करा, गेमच्या फाइल पडताळून घ्या, ओव्हरले (गेमवर तरंगणाऱ्या इतर प्रोग्रॅमच्या खिडक्या) बंद करा. चाचणीच्या वेळी प्रोसेसर आणि कार्डचं तापमान, घड्याळवेग आणि वापराची टक्केवारी नोंदवा. फ्रेमरेट २५ असताना कार्डाचा वापर ६० टक्क्यांवर अडकलेला आणि प्रोसेसरचा एखादाच कोअर पूर्ण भरलेला दिसला, तर कार्ड कमी पडत नाही, गेमचा मुख्य धागाच (प्रोसेसरच्या एका कोअरवर चालणारा त्याचा मुख्य भाग) काम उरकू शकत नाही, हे बऱ्यापैकी सिद्ध होतं. तुमचा संगणक लॅपटॉप असेल तर मात्र मला आत्ताच सांगा. लॅपटॉपमधलं ३०६० आणि डेस्कटॉपचं ३०६० नावाने एक असलं तरी वेगाने एक नसतं, आणि तक्त्यात 'डेस्कटॉप' असं लिहिलं असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी होते.

विंडोजमधलं डीएक्सडायग हे साधन चालवून संगणकाची पूर्ण माहिती मजकूर-फाइलमध्ये साठवा, गेमचा बिल्ड क्रमांक (नेमकी आवृत्ती) टिपा, आणि तेवढाच भार टाकणारा दुसरा एखादा गेम याच यंत्रावर व्यवस्थित चालतो याचीही एक नोंद घ्या. या सगळ्या फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा) काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅश लिहायचा असतो. प्रमाणपत्राचा पहिला भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरी हे जोडलेलं असलं की एक आक्षेप कमी होतो.

आता २ तासांच्या नियमाकडे. स्टीम आणि एपिक या दोन्ही दुकानांचा नियम खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ असा आहे. जीओजी या दुकानात ३० दिवस मिळतात आणि गेम उतरवून चालवला तरी चालतं. पण हे नियम म्हणजे दुकानाने स्वतःहून दिलेली, कारण न विचारता परत घेण्याची सवलत. माल सदोष निघाला तर पैसे परत मागण्याचा तुमचा हक्क वेगळा आणि तो कायद्यातून येतो. ही दोन वेगळी दारं आहेत. पहिलं बंद झालं म्हणजे दुसरं बंद होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' सोनीने प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला, तेव्हा मागेल त्याला पूर्ण परतावा देऊ केला होता. ऑस्ट्रेलियात स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ग्राहकांना 'परताव्याचा हक्कच नाही' असं भासवल्याबद्दल तिथल्या संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीला दोषी धरून ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१७ मध्ये अपील फेटाळलं गेलं, २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानेही पुढची परवानगी नाकारली. हा निकाल आपल्या आयोगावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात दाखवायला चांगला आहे.

आपल्याकडे आधार आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. कलम २(१६) मधल्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत 'डिजिटल उत्पादनं' हे शब्द स्पष्ट आहेत. 'गेम विकलाच नाही, फक्त वापराचा परवाना दिला' असा बचाव येईल. त्यावर दोन उत्तरं एकदमच मांडायची. एक, तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात म्हटलंय, म्हणून कलम २(१०) खाली मालातला 'दोष'. दोन, पर्यायाने ती सेवा धरली तरी कलम २(११) खाली 'त्रुटी'. शिवाय तक्त्यातलं ६० फ्रेमचं वचन खोटं ठरलं, तर कलम २(२८) खालची दिशाभूल करणारी जाहिरात. ई-कॉमर्स नियम, २०२० मधला नियम ६ तर सांगतो की माल किंवा सेवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर मंचावरच्या विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. हे नियम भारतात नोंदणी नसलेल्या, पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्या कंपन्यांनाही लागू आहेत.

लवादाच्या कलमाला घाबरू नका. करारात लवाद असला तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात ठरवलंय. 'आहे तसा' या कलमाबाबत मात्र एक चूक वारंवार होते. लोक जिल्हा आयोगात 'ही अट रद्द जाहीर करा' अशी मागणी घालतात. करारातली अन्याय्य अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिलाय, जिल्हा आयोगाला नाही. ती मागणी वगळा. तुमची मागणी दोषाबद्दल परताव्याची आहे, तिला त्या अटीच्या रद्द होण्याची गरज नाही.

पायऱ्या अशा घ्या. दुकानाच्या मदतकक्षाकडे परताव्याची दुसरी मागणी करा, यावेळी कारणासकट. ती फेटाळली तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल पाठवा. नियमाप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवं. इंग्रजीत लिहा, पण आशय एवढाच असू दे :

'दि. ... रोजी मी अमुक गेम विकत घेतला. त्या दिवशी आपल्या पानावर अमुक संगणकावर १०८०पी, हाय सेटिंगला ६० फ्रेम मिळतील असे नमूद होते (जोड १). माझा संगणक त्याच रचनेचा आहे (जोड २). बिल्ड क्रमांक ... वर एकाच मार्गाच्या तीन चाचण्यांत सरासरी ..., १ टक्का लो ..., सर्वांत लांब फ्रेम ... मिलिसेकंद आढळली (जोड ३). प्रकाशकाने दि. ... च्या निवेदनात हा दोष मान्य केला आहे (जोड ४). खेळाच्या नोंदलेल्या ३ तास ५० मिनिटांपैकी सुमारे ४० मिनिटे शेडर तयार होण्याची आहेत. सदोष मालाबद्दल पूर्ण रक्कम परत करावी.'

रागाचा एकही शब्द नको. हेच पत्र पुढे आयोगासमोर वाचलं जाणार आहे.

महिना सरेपर्यंत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक नसतो, तरी तिथून पत्र गेलं की प्रकरण यंत्राकडून माणसाकडे पोचण्याची शक्यता वाढते. त्यानंतर जिल्हा आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. सामनेवाले दोन करा : बिलावर जिचं नाव आहे ती कंपनी आणि प्रकाशक. मागणी मूळ रक्कम, व्याज, बेताची भरपाई आणि खर्च एवढीच. फुगवलेल्या भरपाईने खरा मुद्दा झाकोळतो. निकाल ३ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला. आणि कंपनीचं इथे कार्यालयच नसेल, तर निकालानंतरची वसुली सोपी नसते. म्हणूनच माझा सगळा भर तक्रार अधिकाऱ्याकडच्या पत्रावर आहे. अशी प्रकरणं तिथेच मिटलेली बरी.

तीन गोष्टी करू नका. बँकेत जाऊन कार्डाचा व्यवहार उलटवण्याची मागणी इतक्यात नको. असं केल्यावर दुकान खातं गोठवू शकतं आणि त्या खात्यातले तुमचे बाकीचे गेमही अडकतात. दुसरं, खेळत राहू नका. परतावा मागायचा आणि मीटर ४० तासांवर न्यायचा, हे एकत्र जमत नाही. चाचणीसाठी गेम उघडाल तेव्हा तारीख, वेळ आणि कारण वहीत लिहा. तिसरं, पॅच आला तर त्याकडे पाठ फिरवू नका. त्याच सेव्हवर, त्याच रस्त्यावर पुन्हा मोजा. दोष खरंच गेला असेल तर परताव्याची बाजू कमकुवत होते, आणि मग झालेल्या त्रासाची माफक भरपाई एवढंच उरतं. दोष तसाच राहिला तर 'पॅच देऊनही सुटला नाही' हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा होतो.

पुढचं उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी कळवा : संगणक डेस्कटॉप की लॅपटॉप, खरेदीच्या वेळी पानावर 'अर्ली ॲक्सेस' असं लिहिलं होतं का, आणि हा गेम तुम्ही थेट प्रक्षेपण करून पैसे कमावण्यासाठी घेतला होता का. अर्ली ॲक्सेस असेल तर अपूर्णता सांगूनच विकलेली असते. आणि व्यापारी कारणासाठी घेतला असेल, तर तुम्ही कायद्याच्या व्याख्येतले 'ग्राहक' ठरता का, तिथूनच वाद सुरू होईल.