प्रश्न आपले, उत्तरे आमची : प्रकाशाने स्वच्छ होणारे मेम्ब्रेन

प्रश्न : आमचा सुती कापड रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. सांडपाणी गाळणारे मेम्ब्रेन (सूक्ष्म छिद्रांची पातळ पटले) सारखे चोंदतात आणि कॉस्टिकने व आम्लाने धुऊन धुऊन त्यांचे आयुष्य घटते. प्रकाश पडताच स्वतःला स्वच्छ करणारे आणि पाण्यातील रंगही नष्ट करणारे मेम्ब्रेन निघाल्याचे वाचनात आले. ते आम्ही बसवावे का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : रंगखात्यातून निघालेल्या पाण्यासाठी बसवू नये. जैविक प्रक्रिया आणि प्राथमिक गाळणी झाल्यावर, पाणी बरेचसे नितळ झालेले असेल तेथे मात्र त्याचा विचार करता येईल.

या मेम्ब्रेनवर बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असते तीच ही भुकटी. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी तिच्या विद्युत्अग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडवल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हापासून तिच्याकडे उत्प्रेरक म्हणून पाहिले जाऊ लागले. ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला की या कणांतील इलेक्ट्रॉन जागा सोडतात आणि पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे अत्यंत क्रियाशील व अल्पायुषी कण, तयार होतात. ही मूलके समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे ऑक्सिडीकरण करतात, मग तो पाण्यातील रंग असो की पृष्ठभागावर चिकटलेली खळ. शिवाय प्रकाशामुळे हा पृष्ठभाग इतका जलस्नेही होतो की तेलकट मळ त्यावर घट्ट बसत नाही. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीच्या, छिद्रांतून रंगाचा रेणू सहज निसटतो. तो जाता जाता मोडावा, हा या योजनेतील खरा आकर्षक भाग आहे.

अडचण प्रकाशापासूनच सुरू होते. सूर्यप्रकाशात उपयोगी अतिनील किरण जेमतेम ४ ते ५ टक्के असतात, म्हणून प्रत्यक्षात दिवे लावावे लागतात आणि त्यांचे वीजबिल येते. गडद रंगाचे पाणी तर हे किरण स्वतःच शोषून घेते, त्यामुळे जेथे सफाईची गरज सर्वांत जास्त तेथेच ती सर्वांत कमी होते. आणखी एक गोष्ट जाहिरातींत क्वचितच आढळते : आज वापरात असलेली बरीचशी मेम्ब्रेन गुंडाळी करून बंद नळकांड्यात बसवलेली असतात आणि आत पूर्ण काळोख असतो. म्हणजे नुसते मेम्ब्रेन बदलून भागत नाही. दिव्यासमोर उघडी राहील अशी सपाट पटलांची वेगळी मांडणी करावी लागते.

आपल्या धंद्यापुरते बोलायचे, तर रिअ‍ॅक्टिव्ह रंगांसाठी (सुताशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रंग) आपण जे मीठ आणि सोडा अ‍ॅश वापरता, तेच येथे आडवे येतात. गडद छटेसाठी लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक मीठ पडते, आणि त्यातील क्लोराइड व सोड्यातील कार्बोनेट हे दोन्ही घटक हायड्रॉक्सिल मूलकांना खाऊन टाकतात. शिवाय अल्कधर्मी पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे रेणूही ऋणभारितच असल्याने ते पृष्ठभागापासून दूर ढकलले जातात. मूलकांचे आयुष्य इतके अल्प असते की ती पृष्ठभागापासून दूर जाऊन रंगाला गाठू शकत नाहीत. पाणी आधी उदासीन करून घेतल्यास ही अडचण काहीशी कमी होते, मिठाची मात्र तशीच राहते. कॅल्शियमचा थर तर मुळीच जात नाही, कारण तो सेंद्रिय नाही. त्यासाठी आम्लाची धुलाई चुकत नाही.

मूलकांना मळ आणि मेम्ब्रेन यांतला फरक कळत नाही, हेही लक्षात घ्यावे. पॉलिइथरसल्फोनसारखे बहुलक अतिनील किरणांत लवकर ठिसूळ होते. पीव्हीडीएफ हे दुसरे बहुलक अधिक टिकते आणि अ‍ॅल्युमिनाचे सिरॅमिक मेम्ब्रेन सर्वांत चिवट असते, पण त्याची किंमत लहान कारखान्याला झेपणे कठीण.

प्रश्न : प्रयोगशाळेत अशा मेम्ब्रेनने मिथिलीन ब्लू या चाचणीच्या निळ्या रंगद्रव्याचा रंग जवळजवळ पूर्ण जातो. मग उद्योगात शंका का घेतली जाते? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : कारण मिथिलीन ब्लू हा फारच सोयीचा पाहुणा आहे. तो धनभारित असल्याने पृष्ठभागाकडे आपणहून येतो, आणि शुद्ध पाण्यात त्याच्याशी स्पर्धा करणारे मीठही नसते. रंग नाहीसा झाला म्हणजे रेणू संपला असेही नाही. अ‍ॅझो रंगातील (दोन नायट्रोजन अणू जोडलेले रंग) नायट्रोजनचा दुहेरी बंध तुटला की पाणी रंगहीन दिसते, पण मागे राहणारी अ‍ॅरोमॅटिक अमाइन ही संयुगे काही वेळा मूळ रंगापेक्षा घातक असतात. म्हणून वर्णमापीच्या (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यासोबत सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) किंवा एकूण सेंद्रिय कार्बन मोजलेला आहे का, हे आधी पाहावे. त्याचबरोबर दिवा बंद ठेवून केलेली तीच चाचणीही मागावी. काळोखातही तितकाच रंग जात असेल, तर तो मोडलेला नसून नुसता मेम्ब्रेनवर चिकटलेला आहे.