‘कायदा आणि साहित्य’ घेतोयस, तर आधी एक निकाल वाच
एलएल.एम.च्या प्रबंधाला विषय चांगला निवडलास, पण सुरुवात सिद्धान्तांपासून करू नकोस. जेम्स बॉइड व्हाइट आणि रिचर्ड पोझ्नर हे या विषयाचे अभ्यासक नंतरही वाचता येतील. आधी लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा १९६९चा निकाल काढ. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातली ‘श्यामा’ ही कथा, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं अश्लीलतेचं कलम २९२, हायकोर्टात दोषी, दिल्लीत सुटका. तिथे न्यायमूर्तींनाच समीक्षक व्हावं लागलंय: सुटे उतारे बघायचे की अख्खी कृती? कोवळ्या वाचकाचं काय? या प्रश्नांवरची वाक्यं पेन्सिलीने खुणा करत वाच. मग मूळ कथा मिळव. जुनी ग्रंथालयं पालथी घालावी लागतील. कादंबऱ्यांतल्या कोर्टाच्या प्रसंगांची नुसती जंत्री मात्र करू नकोस, गाईडला आवडली तरी.